एम-वन, एम-टूची सूट: नेमके काय सुटते?

चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम संस्थेचे पॉलिटेक्निक आहे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. त्यामुळे दहावीनंतर डिप्लोमा आणि तिथून ‘डायरेक्ट सेकंड इयर’ ही वाट तालुक्यातल्या घरांना चांगलीच परिचयाची आहे. या वाटेबद्दल सर्वांत आधी सांगितले जाते ते असे, की एक वर्ष वाचते आणि पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू हे गणिताचे दोन पेपर द्यावे लागत नाहीत. यातली पहिली गोष्ट साध्या बेरजेतच खोटी ठरते. अकरावी-बारावीची दोन आणि डिग्रीची चार मिळून सहा वर्षे होतात. डिप्लोमाची तीन आणि दुसऱ्या वर्षापासून डिग्रीची तीन, तीही सहाच. या वाटेने पदरात पडते ती जास्तीची पदविका आणि लवकर लागलेला वर्कशॉपचा हात. ती कमाई मोठीच आहे, पण तिला वाचलेले वर्ष म्हणू नये.

दुसरी गोष्ट खरी आहे, मात्र तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. पेपर माफ झाले त्या अर्थी तेवढे गणित डिप्लोमात झालेच असणार, असे पालक धरून चालतात. अमेरिकेत तसे असते: हायस्कूलचा विद्यार्थी एपी कॅल्क्युलसची परीक्षा देतो, तिचे गुण 1 ते 5 असे असतात, आणि वरचे गुण मिळाले तर अनेक कॉलेजे त्याला पहिला कॅल्क्युलस माफ करतात. तिथे जे माफ होते त्याचीच परीक्षा आधी झालेली असते. आपल्याकडे प्रवेश डिप्लोमाच्या एकूण टक्केवारीवर कॅप राउंडमधून मिळतो, आणि एम-वनमधले काय येते हे कुणी विचारत नाही. तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमात बेसिक मॅथेमॅटिक्स आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स पहिल्या दोन सेमिस्टरलाच संपतात. त्यात एका चलाचे अवकलन, संकलन आणि सोपी डिफरन्शियल समीकरणे येतात. विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमधल्या एम-वन, एम-टूतले पार्शल डिफरन्सिएशन, आयगेन व्हॅल्यू, फूरिये सिरीज आणि मल्टिपल इंटिग्रल त्यात नाहीत. त्यात डिप्लोमाची पुढची दोन वर्षे गणिताशिवाय जातात, आणि मग दुसऱ्या वर्षात एकदम एम-थ्री पुढ्यात येते.

ही उणीव नेमकी कुठे टोचते ते एका उदाहरणात पाहू. सिलिंडरचे घनफळ त्रिज्या आणि उंची या दोन्हींवर ठरते. उंची तशीच ठेवून त्रिज्या किंचित वाढवली तर घनफळ कोणत्या वेगाने वाढेल? उत्तर वक्रपृष्ठाच्या क्षेत्रफळाइतके येते, जणू सिलिंडरवर एक पातळ साल चढली. एक चल हलवायचे आणि बाकीचे स्थिर धरायचे, हेच पार्शल डिफरन्सिएशन. मेकॅनिकल-सिव्हिलच्या एम-थ्रीमधले ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल त्यावरच उभे आहेत. कॉम्प्युटरवाल्यांना फूरिये ट्रान्सफॉर्म शिकवताना फूरिये सिरीज झालेली आहे असे गृहीतच असते. शिवाय डायरेक्ट सेकंड इयरचे प्रवेश अनेकदा वर्ग सुरू झाल्यावर पुरे होतात, म्हणजे आधीची फट भरायला वेळही उरत नाही.

यावरून डिप्लोमावाली मुले गणितात कच्चीच असतात असा निष्कर्ष काढला जातो. तो अन्यायाचा आहे. जे कधी शिकवलेच नाही ते आले नाही, तर त्याला कच्चेपणा कसे म्हणणार? एआयसीटीईलाही हे मान्य आहे, म्हणून तर वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणिताचे ब्रिज कोर्स चालवावेत असे तिच्या नियमांत म्हटले आहे. आणखी एक आक्षेप थोडा वजनदार आहे: चार वर्षे करणारी मुलेही एम-वन विसरतातच, आणि एम-थ्री तर क्लास लावून निघते. निघते, हे खरे. पण एकदा हाताखालून गेलेले गणित उजळणीने परत येते, आणि कधीच न केलेले ऐन सेमिस्टरमध्ये पाठ करावे लागते. पुढे गेट द्यायची असेल तर बहुतेक शाखांच्या पेपरात 100 पैकी सुमारे 13 गुण इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे असतात, आणि त्यातला बराच भाग याच माफ झालेल्या दोन पेपरांतला असतो.

म्हणून डायरेक्ट सेकंड इयर खुशाल घ्यावे. गणिताच्या धास्तीने ही वाट सोडण्याचे काही कारण नाही. फक्त डिप्लोमाचा शेवटचा पेपर आणि कॉलेजचा पहिला दिवस यांमधल्या सुट्टीत पार्शल डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स, फूरिये सिरीज आणि डबल इंटिग्रल एवढे तरी वही घेऊन सोडवावे. एनपीटीईएलवर ही व्याख्याने फुकट आहेत. मग विद्यापीठाची एम-वन आणि एम-टूची एकेक जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी, 70 गुण आणि अडीच तास, आणि घड्याळ लावून घरीच सोडवून पाहावी.