एक वाहिनी, अनेक महाविद्यालये
इंटरनेट सेवेचा सामाईक वापर आणि खर्चाची वाटणी

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे तालुक्याचे गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर आणि सुरतेहून कोलकात्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. देशाच्या प्रमुख लोहमार्गांच्या कडेने रेल्वेच्या 'रेलटेल' या कंपनीने प्रकाशतंतूंच्या तारा टाकल्या आहेत. दळणवळणाच्या दृष्टीने असे गाव आडबाजूचे म्हणता येणार नाही. तथापि गावाजवळून तार जाणे आणि तिच्यातील सेवा वर्गखोलीपर्यंत पोहोचणे यांत बरेच अंतर असते. कालवा शेताजवळून जातो म्हणून शेत भिजतेच असे नाही, हे पूर्णा खोऱ्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने इंटरनेट ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. परीक्षेचा अर्ज, 'महाडीबीटी'वरील शिष्यवृत्तीचा अर्ज, 'स्वयम्'वरील अभ्यासक्रम ही सारी कामे याच मार्गाने होतात. अर्जाच्या अंतिम दिनांकास महाविद्यालयातील सेवा बंद पडली, तर त्याचे मोल विद्यार्थ्यास आपल्या शिष्यवृत्तीने किंवा वर्षाने चुकवावे लागते. म्हणूनच ही सेवा किती वेगाची घ्यावी या प्रश्नाबरोबरच ती कोणी चालवावी, खर्च कसा वाटावा आणि अडचणीच्या वेळी उत्तरदायी कोण, या प्रश्नांचाही विचार होणे अगत्याचे आहे.

सामाईक जाळ्याची परंपरा

शिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन संगणकजाळे उभारण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या तीन विद्यापीठांनी १९६६ मध्ये 'मेरिट' ही संस्था स्थापन केली. एकमेकांचे महागडे संगणक वापरता यावेत हा तिचा हेतू होता. ब्रिटनमध्ये १९८४ साली विद्यापीठांसाठी 'जॅनेट' हे सामाईक जाळे सुरू झाले.

भारतात १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आय.आय.टी. त्यात सहभागी होत्या. १९९२ मध्ये मुंबईहून अमेरिकेस जोडणाऱ्या वाहिनीची क्षमता सेकंदास अवघी ६४ किलोबिट होती. आज घरगुती जोडणीसही जी क्षमता अपुरी वाटेल, तिच्यावर देशातील अग्रगण्य संस्थांनी एकत्रितपणे काम भागविले. ग्रंथालये जोडणाऱ्या 'इन्फ्लिबनेट'चा प्रारंभही १९९१ मध्ये पुण्याच्या 'आयुका' या केंद्रातील एक प्रकल्प म्हणून झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'यूजीसी-इन्फोनेट' २००२ मध्ये आले. २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माहिती-संचार तंत्रज्ञान शिक्षण अभियानात महाविद्यालयांच्या जोडणीचा ७५ टक्के खर्च केंद्राने आणि २५ टक्के खर्च संस्थांनी किंवा राज्यांनी सोसावा, असे सूत्र ठेवण्यात आले. मोठ्या संस्थांसाठी राष्ट्रीय ज्ञानजाळ्यास २०१० मध्ये मंजुरी मिळाली.

या इतिहासातून एक बोध घेण्यासारखा आहे. योजनेतून मिळणारे साहाय्य मुदतीचे असते, देयक मात्र दर महिन्यास येते. मुदत संपल्यानंतर खर्चाची वाटणी कशी होईल, याचा विचार जोडणी घेतानाच झाला पाहिजे.

खर्च नेमका कशाचा?

इंटरनेटचा खर्च म्हणजे सेवापुरवठादाराचे देयक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्याचे चार भाग पडतात. पहिला, वाहिनीचे शुल्क आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर. दुसरा, राउटर, स्विच, वायफायची उपकरणे व इमारतीतील तारा. हा भांडवली खर्च असला, तरी उपकरणे जुनी होतात व काही वर्षांनी बदलावी लागतात. तिसरा, वीज गेल्यावर उपकरणे चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्यांचा. चौथा, देखरेख करणाऱ्या व्यक्तीचा. अंदाजपत्रकात पहिला भाग दिसतो, उरलेले तीन विसरले जातात, आणि सेवा बंद पडते ती बहुधा या तिघांपैकी एखाद्यामुळे.

वाहिनीचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. 'लीज्ड लाइन'मध्ये करारातील क्षमता त्या ग्राहकासाठी राखून ठेवलेली असते आणि माहिती पाठविण्याचा व घेण्याचा वेग सारखा असतो. 'ब्रॉडबँड'मध्ये तीच क्षमता अनेक ग्राहकांत वाटलेली असते, म्हणून ती स्वस्त पडते आणि गर्दीच्या वेळी मंदावते. १०० मेगाबिट वेगाची वाहिनी सेकंदास १०० मेगाबाइट माहिती आणत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे प्रत्यक्षात साडेबारा मेगाबाइटच येतात. निविदा वाचताना हा फरक नजरेआड होऊ नये.

वाटणीचे सूत्र

उदाहरणादाखल एका शिक्षण संस्थेच्या एकाच आवारातील वरिष्ठ महाविद्यालय, कनिष्ठ महाविद्यालय आणि व्यवसाय शिक्षण विभाग यांची विद्यार्थिसंख्या अनुक्रमे १,२००, ६०० व २०० धरू, आणि एकूण वार्षिक खर्च ६ लाख रुपये मानू. समान वाटणी केल्यास प्रत्येकास २ लाख येतात. मोठ्या घटकास दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६७ रुपये, तर लहान घटकास १,००० रुपये पडतात. हे न्याय्य नव्हे. केवळ विद्यार्थिसंख्येवर वाटणी केल्यास दर विद्यार्थ्यास सरसकट ३०० रुपये येतात. परंतु उपकरणे व देखरेख यांचा खर्च विद्यार्थी कमी म्हणून कमी होत नाही, अशी तक्रार मोठा घटक करू शकतो.

यावर मधला मार्ग असा आहे. एकूण खर्चाचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड लाख, तिघांनी समान उचलावा. उरलेले साडेचार लाख विद्यार्थिसंख्येप्रमाणे वाटावेत. मग वाटे ३,२०,०००, १,८५,००० व ९५,००० रुपये असे पडतात. प्रमाण कोणते ठेवावे हे संस्थेने ठरवावे, परंतु ते वर्षारंभी लेखी ठरावाने निश्चित व्हावे. एकाच आवारात अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन्ही घटक असतील, तर ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. वाटणीच्या ठरावाशिवाय एकाच्या खात्यातून दुसऱ्याचे देयक भागविले गेले, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघणे स्वाभाविक होय.

गर्दीची वेळ

खर्चाची वाटणी झाली तरी वापराची वाटणी उरते. खानदेश व नाशिक भागांतील नद्यांवर चालत आलेल्या 'फड' पद्धतीत पाण्याची पाळी ठरलेली असे आणि ती सांभाळण्यास पाटकरी नेमलेला असे. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने पाणी ओढून घ्यावे आणि शेवटच्या शेतकऱ्याने वाट पाहावी, असे होऊ नये हा त्यामागील हेतू. सिंचन व्यवस्थापनासंबंधीच्या राज्याच्या २००५ च्या अधिनियमानेही पाणी मोजून देण्याचे तत्त्व स्वीकारले आहे.

इंटरनेट वाहिनीस हेच तत्त्व लागू पडते. राउटरवर प्रत्येक घटकासाठी किमान क्षमता राखून ठेवता येते, आणि एकाची क्षमता पडून असेल तेव्हा ती दुसऱ्यास वापरू देता येते. अर्जाच्या अखेरच्या दिवसांत कार्यालय व अर्ज भरण्याची खोली यांस अग्रक्रम द्यावा. ६० विद्यार्थ्यांनी एकाच वेळी दीड मेगाबिट वेगाचे एकच व्याख्यान आपापल्या पडद्यावर पाहिल्यास ९० मेगाबिट खर्ची पडतात. तेच व्याख्यान रात्री एकदा उतरवून आवारातील सर्व्हरवर ठेवल्यास दिवसा बाहेरच्या वाहिनीवर भार येत नाही. आय.आय.टीं.च्या 'एनपीटीईएल' उपक्रमातील व्याख्याने अशा रीतीने उतरवून घेता येतात. वापर न मोजता अधिक क्षमता विकत घेणे म्हणजे गळक्या पाटात जास्त पाणी सोडणे होय.

कायद्याची चौकट

येथे एक मर्यादा पाळावी लागते. परवान्याशिवाय इंटरनेट सेवा सर्वसाधारणपणे विकता येत नाही. आपली तार रस्त्यापलीकडील दुसऱ्या संस्थेच्या महाविद्यालयास देऊन पैसे घेणे म्हणूनच योग्य नव्हे. निरनिराळ्या संस्थांनी मागणी एकत्र करावी, एकच निविदा काढावी आणि परवानाधारक पुरवठादाराकडून प्रत्येकाने स्वतंत्र जोडणी घ्यावी. नांदुरा, मलकापूर, खामगाव, शेगाव येथील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. एकत्र मागणीचे दर एकट्याच्या मागणीपेक्षा किफायतशीर ठरण्याचा संभव अधिक असतो.

सामाईक वापरात उत्तरदायित्वही येते. संगणक सुरक्षेच्या 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांनी आपल्या यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत. महाविद्यालयांनीही हाच दंडक पाळणे हिताचे आहे. सर्वांस एकच पासवर्ड देण्याची प्रथा त्यासाठी सोडावी लागेल. प्रत्येकास स्वतंत्र नाव व पासवर्ड असल्याखेरीज कोणी काय केले हे सांगता येत नाही.

करारात काय असावे?

दरमहा देयक कोण भरील, वाटा थकल्यास काय करावयाचे, तक्रार कोणाकडे व किती तासांत निवारण, वापराचा तक्ता महिन्यास कोठे लावावयाचा, उपकरणे बदलण्यासाठी वर्षास किती रक्कम बाजूस ठेवावयाची, आणि एखादा घटक बाहेर पडल्यास उपकरणांची मालकी कोणाची, एवढ्या गोष्टी दोन पानांत लिहिता येतात. यांपैकी एकाच व्यक्तीकडे पाटकऱ्याप्रमाणे देखरेख असावी, आणि ती रजेवर असता दुसरी कोण, हेही नोंदलेले असावे.

ग्रामपंचायतींचाही यात वाटा आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली आणि पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. महाविद्यालयाचे दार संध्याकाळी बंद झाल्यावर खेड्यातील विद्यार्थी घरी परततो. ग्रामपंचायतीतील जोडणी चालू असेल, तर त्याचा अर्ज तेथूनही भरला जाईल. पंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयातील जोडणी चालू आहे की नाही, एवढी विचारणा दर मासिक सभेत केली तरी पुष्कळ साधेल.

तार टाकण्याचे काम एकदा होते. ती वापरात ठेवण्याचे काम रोजचे असते. त्या रोजच्या कामाची जबाबदारी आणि खर्च आधीच वाटून घेतला, तर अंतिम दिनांकास रांगेत उभ्या असलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा अर्जही वेळेत पोहोचेल.