शोभिवंत माशांचे आजार : निदान, उपचार आणि अर्थकारण

पश्चिम बंगालमधील हावडा, हुगळी तसेच उत्तर व दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्यांत घरामागील लहान तळ्यांत आणि सिमेंटच्या टाक्यांत गप्पी, मोली, गोल्डफिश, गुरामी यांसारखे मासे वाढविणे हा अनेक कुटुंबांचा पूरक व्यवसाय आहे. यात महिलांचा वाटा मोठा आहे. कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, चेन्नईलगतचे कोळत्तूर आणि मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट परिसर ही या व्यापाराची परिचित केंद्रे होत. ईशान्य भारतातील नद्या व बीलांमधून पकडलेले देशी शोभिवंत मासे कोलकात्यामार्गे निर्यात होतात आणि भारताच्या या निर्यातीचा मोठा भाग त्यांचाच असतो. मात्र जागतिक व्यापारात भारताचा वाटा आजही अतिशय अल्प आहे. नैसर्गिक मत्स्यसंपदा जवळजवळ नसलेले सिंगापूर मात्र अनेक वर्षे निर्यातदारांच्या अग्रक्रमावर राहिले. या तफावतीची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी माशांचे आरोग्य हे कारण सर्वांत कमी चर्चिले गेलेले आहे.

शेतकऱ्याचे पीक बुडाले तर त्याचा पंचनामा होतो. घरामागच्या टाकीतील चारशे मासे दोन दिवसांत मेले तर त्याची नोंद कोठेही होत नाही. नोंद नसल्याने नुकसानीचे मोजमाप नाही आणि मोजमाप नसल्याने धोरणात त्याला स्थान नाही.

आजार माशाचा की पाण्याचा?

माशांच्या आजाराचे निदान करताना प्रथम पाणी तपासावे लागते. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात उत्सर्जनही करतो. कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया आणि कुजलेल्या खाद्यापासून तयार होणारा अमोनिया पाण्यात साठत जातो. काही विशिष्ट जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. हौशी ग्राहक टाकी आणल्याच्या दिवशीच तीत मासे सोडतो आणि आठवडाभरात ते मेले की दुकानदाराला दोष देतो. दुकानदार औषधाची बाटली विकतो. वस्तुतः आजार झालेलाच नसतो.

अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते आणि ९ झाला की एक तृतीयांशाच्या पुढे जाते. म्हणजे एकूण अमोनिया तितकाच असूनही एका टाकीतील मासे पोहत राहतात आणि दुसऱ्या टाकीतील मरतात. नायट्राइटची बाधा झाल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, रक्त तपकिरी दिसते आणि मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. अशा वेळी थोडे मीठ उपयोगी पडते, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांवाटे होणारे नायट्राइटचे शोषण रोखते. आजीबाईच्या बटव्यातील वाटणाऱ्या या उपायामागे असे स्पष्ट शरीरशास्त्र आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन हे मृत्यूचे आणखी एक कारण होय. त्यावर सोडियम थायोसल्फेटची किरकोळ मात्रा पुरते.

यावरून निदानाचा क्रम ठरतो. सर्व जातींचे मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले तर संशय पाण्यावर घ्यावा. एका जातीपासून किंवा एका माशापासून सुरुवात होऊन लागण पसरत गेली, तर रोगजंतूंचा शोध घ्यावा.

पांढरे ठिपके

गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांचा सर्वपरिचित आजार म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी त्यास कारणीभूत असतो. अंगावर व परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात आणि मासा टाकीच्या तळाशी किंवा दगडांवर अंग घासू लागतो. रोग फक्त कल्ल्यांवर असला तर ठिपके दिसतही नाहीत. केवळ श्वसनाचा वेग वाढलेला दिसतो.

या परजीवीचे जीवनचक्र समजल्याशिवाय उपचार समजत नाही. माशाच्या त्वचेखाली वाढणारी अवस्था त्वचेच्या आवरणाने सुरक्षित असते. पाण्यात टाकलेले सामान्य औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर परजीवी मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि त्याच्या विभाजनातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात. या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधाचा प्रभाव चालतो तो या पोहणाऱ्या अवस्थेवरच. त्यामुळे एकदा औषध टाकून ठिपके गेले म्हणून उपचार थांबविणे हे रोग पुन्हा उद्‌भवण्याचे हमखास कारण ठरते, कारण ठिपके गेले याचा अर्थ परजीवी तळाशी विभाजन करीत आहे, एवढाच असू शकतो.

हे संपूर्ण चक्र उबदार पाण्यात आठवड्याच्या आत पूर्ण होते, तर १० अंशांच्या थंड पाण्यात त्यास महिन्याहून अधिक काळ लागू शकतो. म्हणूनच पाण्याचे तापमान हळूहळू वाढवून चक्र जलद करणे आणि त्याचबरोबर मीठ अथवा फॉर्मलिन व मॅलाकाइट ग्रीन यांचे मिश्रण ठरावीक अंतराने देणे, अशी उपचारपद्धती रूढ झाली. तिच्या दोन मर्यादा आहेत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि फॉर्मलिनही पाण्यातील प्राणवायू घटविते, त्यामुळे हवेचा पंप अखंड चालू असणे अनिवार्य ठरते. दुसरी मर्यादा अशी की मॅलाकाइट ग्रीन हे खाद्य माशांसाठी अनेक देशांत निषिद्ध असलेले रसायन आहे. शोभिवंत मासे आणि खाद्य मासे ज्या शिवारात एकाच नाल्याचे पाणी वापरतात, तेथे ही सीमारेषा कागदावरच राहते.

चुकीच्या निदानाची किंमत

ओठांवर, पाठीवर किंवा शेपटीवर कापसासारखी पांढरट वाढ दिसली की ती बुरशी आहे असे मानले जाते. सॅप्रोलेग्निया ही बुरशीसदृश वाढ जखमेवर होतेही. परंतु अगदी तशीच दिसणारी वाढ फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूमुळेही होते आणि उबदार पाण्यात हा जिवाणू अधिक वेगाने पसरतो. पांढऱ्या ठिपक्यांवरचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून येथे पाणी तापविले, तर मासे वाचण्याऐवजी लवकर मरतात. दोहोंतील फरक सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत कळतो. साधा सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि त्वचा व कल्ल्यांचा खरवडलेला नमुना एवढेच त्यास लागते. कल्ल्यांवरील चपटकृमीही असेच ओळखता येतात. त्यांवर प्राझिक्वांटेल चालते, पण डॅक्टिलोगायरस या कृमीच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने मात्रा पुन्हा द्यावी लागते. माशांच्या उवा, म्हणजे अर्ग्युलस, नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

पोट फुगून खवले उभे राहणे, हे मात्र आजाराचे नाव नसून लक्षण आहे. एरोमोनाससारख्या जिवाणूंच्या संसर्गात मूत्रपिंड निकामी झाल्यावर बहुधा ही अवस्था येते आणि तोवर उपचाराची वेळ टळून गेलेली असते. या टप्प्यावर प्रतिजैविके टाकण्याचा जो सर्वत्र प्रघात आहे, त्याचा लाभ अल्प आणि हानी मोठी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतातील शोभिवंत गोल्डफिशमध्ये सिप्रिनिड हर्पिसव्हायरस-२ या विषाणूची नोंद झाली. त्याच माशांत अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणूही आढळला. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. ते टाकत राहिल्याने प्रतिरोधी जिवाणूंचीच निवड होत जाते. टाकीचे पाणी शेवटी गटारात वा तळ्यात जाते, तेव्हा हा प्रश्न मत्स्यव्यवसायापुरता उरत नाही. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू तर हातावरील जखमेतून थेट माणसाच्या त्वचेत शिरू शकतो. हातमोज्यांविना दिवसभर टाक्या धुणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

आजारी मासे विकणारा बाजार

निदान इतके सोपे असताना ते होत का नाही, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. घाऊक बाजारात एका गप्पीची किंमत काही रुपये असते. तपासणीचा खर्च रुग्णाच्या किमतीहून कितीतरी अधिक असल्याने एका माशासाठी तपासणी करणे अव्यवहार्य ठरते. संपूर्ण साठ्याचा विचार केला तर मात्र गणित उलटते. दोन-तीन आजारी मासे तपासणीसाठी बळी देऊन उरलेले शेकडो वाचविता येतात. तथापि या माहितीचा लाभ शेजारच्या टाकीवाल्यांनाही मिळतो आणि खर्च एकट्यालाच करावा लागतो. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा खर्च कोणीच करीत नाही, हा सार्वजनिक वस्तूंच्या पुरवठ्याचा जुनाच पेच येथे दिसतो.

दुसरी अडचण माहितीच्या विषमतेची आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने दाखविले की, विक्रेत्याला मालाचे दोष माहीत असतील आणि ग्राहकाला नसतील, तर चांगला माल बाजारातून हद्दपार होतो. या व तत्सम कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शोभिवंत मासा हे त्याचे तंतोतंत उदाहरण म्हणता येईल. रोगाचा अधिशयन काळ चालू असलेला मासा निरोगी माशासारखाच दिसतो. दोन आठवडे विलगीकरण करून मासे विकणाऱ्याला जास्तीचा दर मिळत नाही, म्हणून तो विलगीकरण बंद करतो. पुढे एकत्रीकरण करणारा व्यापारी अनेक गावांचे मासे एकाच टाकीत ओततो आणि एका घरातील रोग सर्वांचा होतो. अकरलॉफ यांच्या मोटारी निदान एकमेकींना आजारी पाडत नव्हत्या!

बाजाराबाहेरील समाजावर पडणारा भार याहून मोठा आहे. नकोसे किंवा आजारी मासे तलावात सोडून देणे अनेकांना पुण्याचे वाटते. मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ कॅटफिश याच वाटेने पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्रात स्थिरावला आणि तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत खाद्य माशांऐवजी तोच सापडू लागला. रोगजंतूंचा प्रवासही असाच होतो. १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरलेल्या अल्सर रोगाने खाद्य माशांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांना जो फटका दिला, त्याची आठवण त्या भागात अद्याप आहे. त्यातूनच भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सिफॅक्स’ हे औषध विकसित केले.

शासकीय उपाययोजना

केंद्र शासनाने २०१७ मध्ये शोभिवंत मत्स्यव्यवसायासाठी ६१.८९ कोटी रुपयांची पथदर्शी योजना आखली. २०२० मध्ये पाच वर्षांसाठी २०,०५० कोटी रुपये गुंतवणुकीच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरगुती संगोपन केंद्रे आणि प्रजनन केंद्रे यांचा समावेश झाला. रोगांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो तो २०१३ पासूनचा जलचर रोगांसाठीचा राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे त्याचे समन्वयन आहे. जून २०२३ मध्ये याच कार्यक्रमांतर्गत ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲप सुरू झाले. मत्स्यपालकाने आजारी माशाची माहिती त्यावर पाठवावी आणि तज्ज्ञाचा सल्ला मिळवावा, अशी त्यामागील कल्पना आहे.

अनुदानाचा भर मात्र टाक्या, पंप व शेड यांवर राहिला. टाक्या वाढल्या की माशांची घनता आणि ने-आण वाढते व त्याबरोबर रोगप्रसाराची संधीही वाढते. गटागटांनी वापरता येईल असा एक सूक्ष्मदर्शक, पाणी तपासणीचा संच आणि नमुना घेण्यास शिकलेली एक व्यक्ती यांचा खर्च एका संगोपन केंद्राच्या बांधकामापुढे नगण्य आहे. महिला बचतगटांच्या समूहामागे अशी एक तपासणी सुविधा मंजूर केल्यास विलगीकरण केलेल्या माशांना प्रमाणपत्र देता येईल आणि त्या प्रमाणपत्राला निर्यातदाराकडून दर मिळू शकेल.