पायथनमधील मूलभूत ऑपरेटर

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला

– ऑपरेटर म्हणजे काय, हे उदाहरणांसह सांगता येईल.
– अंकगणिती, तुलनात्मक व तार्किक ऑपरेटरांतील भेद स्पष्ट करता येईल.
– एखादा नियम संगणकाला सांगताना अर्थ कोठे बिघडू शकतो, हे ओळखता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, वाक्यात क्रियापदाचे जे स्थान असते, साधारण तेच स्थान संगणकीय आज्ञेत ऑपरेटरचे असते. केवळ नामे मांडून वाक्य पुरे होत नाही. त्याचप्रमाणे केवळ मूल्ये मांडून आज्ञा पुरी होत नाही. त्या मूल्यांचे काय करावयाचे, हे सांगणारे चिन्ह किंवा शब्द म्हणजे ऑपरेटर. ज्या मूल्यांवर ही क्रिया घडते त्यांना ऑपरंड म्हणतात. ‘७ + ५’ या पदावलीत ‘+’ हा ऑपरेटर असून ७ आणि ५ हे ऑपरंड आहेत.

या घटकासाठी आपण पायथन ही भाषा निवडली आहे. नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी ती तयार केली आणि १९९१ मध्ये ती प्रथम उपलब्ध झाली. तिची रचना सुटसुटीत असल्याने नवशिक्यांना ती सोयीची वाटते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीतही देता येतात. मात्र अंक, तसेच अँड, ऑर, नॉट यांसारखे राखीव शब्द येथे वाचनसुलभतेसाठी देवनागरीत छापले असले, तरी संगणकावर अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपात आणि राखीव शब्द रोमन लिपीतच टंकित करावेत.

१. अंकगणिती ऑपरेटर

बेरीज (+) आणि वजाबाकी (-) यांची चिन्हे परिचित आहेत. गुणाकारासाठी * आणि घातासाठी ** वापरतात. म्हणून ‘२ ** ३’ चे उत्तर ८ येते. भागाकाराचे मात्र तीन ऑपरेटर आहेत आणि त्यांतील फरक नीट ध्यानात घ्यावयास हवा. समजा, २५० पानांची कादंबरी तुम्ही रोज १८ पाने याप्रमाणे वाचणार आहात.

२५० / १८ → १३.८८…
२५० // १८ → १३
२५० % १८ → १६

पहिला ऑपरेटर अपूर्णांकासह भागाकार देतो. दुसरा केवळ पूर्ण भाग देतो, तर तिसरा बाकी देतो. म्हणजे तेरा दिवस पूर्ण वाचन होईल आणि चौदाव्या दिवसासाठी १६ पाने उरतील. ‘/’ चे उत्तर नेहमी दशांश स्वरूपात येते. ‘१० / २’ चे उत्तर पायथन ५ असे न देता ५.० असे देतो.

२. क्रियांचा क्रम

शाळेत शिकलेले ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र तुम्हांला आठवत असेल. पायथनही कंस आधी सोडवतो, नंतर घात, त्यानंतर गुणाकार-भागाकार आणि शेवटी बेरीज-वजाबाकी करतो. परंतु या सूत्रातील अक्षरक्रम शब्दशः घेतल्यास ‘१० - ३ + २’ मध्ये बेरीज आधी करून उत्तर ५ येईल, आणि ते चुकीचे आहे. बेरीज व वजाबाकी यांचा दर्जा समान असून त्या डावीकडून उजवीकडे केल्या जातात. म्हणून खरे उत्तर ९ आहे. गुणाकार व भागाकार यांनाही हाच नियम लागू होतो.

३. शब्दांवरील क्रिया

अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराला पायथन संख्या मानत नाही. मजकुराच्या बाबतीत ‘+’ बेरीज करत नाही, तर जोडणी करतो.

"४" + "५" → "४५"
"विद्या" + "आलय" → "विद्याआलय"

दुसऱ्या उदाहरणात ‘विद्यालय’ हा शब्द तयार झाला नाही, याकडे लक्ष द्या. संगणक अक्षरे शेजारी ठेवतो. संधी करत नाही. व्याकरणाचा नियम त्याला वेगळा शिकवावा लागतो.

४. मूल्य देणे आणि तुलना करणे

बीजगणितात ‘=’ हे चिन्ह दोन बाजू समान असल्याचे सांगते. पायथनमध्ये ते उजवीकडचे मूल्य डावीकडच्या नावाला देते. म्हणूनच ‘गुण = गुण + ५’ ही आज्ञा येथे अर्थपूर्ण ठरते: गुणांच्या आधीच्या मूल्यात ५ मिळवा आणि येणारे मूल्य पुन्हा ‘गुण’ या नावाखाली ठेवा. समानता तपासण्यासाठी मात्र ‘==’ वापरावे. असमानतेसाठी !=, तर लहान-मोठेपणासाठी >, <, >= आणि <= हे ऑपरेटर आहेत. तुलनेचे उत्तर ट्रू (सत्य) किंवा फॉल्स (असत्य) असे येते.

येथे एका चिन्हाचे मोल किती असते ते पाहा. ‘किमान ४० गुण मिळाल्यास उत्तीर्ण’ हा नियम ‘गुण > ४०’ असा लिहिला, तर बरोबर ४० गुण मिळवणारा प्रत्येक विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरेल. संगणक कोणतीही त्रुटी दाखवणार नाही, कारण आज्ञा भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. ‘किमान’ या शब्दाचा अर्थ ‘>=’ मध्येच येतो.

५. तार्किक ऑपरेटर

दोन अटी जोडण्यासाठी अँड (आणि) व ऑर (किंवा), तर अट उलटवण्यासाठी नॉट (नाही) वापरतात. मराठीतील उभयान्वयी अव्ययांशी त्यांचे साम्य आहे. तथापि ते पूर्ण नाही. ‘चहा घेणार किंवा कॉफी?’ असे विचारताना दोहोंपैकी एकच अपेक्षित असते. ऑर मात्र दोन्ही अटी सत्य असल्या तरी ट्रू हेच उत्तर देतो.

समजा नियम असा आहे: ‘७५ टक्के उपस्थिती किंवा सवलत असावी, आणि किमान ४० गुण असावेत.’ तो पुढीलप्रमाणे लिहिला:

उपस्थिती >= ७५ ऑर सवलत अँड गुण >= ४०

पायथन अँड आधी जोडतो. त्यामुळे ८० टक्के उपस्थिती आणि केवळ १२ गुण असलेला विद्यार्थीही पात्र ठरतो. मूळ अर्थ राखण्यासाठी कंस आवश्यक आहे:

(उपस्थिती >= ७५ ऑर सवलत) अँड गुण >= ४०

मराठी वाक्यात स्वल्पविरामाने जे साधले, ते येथे कंसाने साधते.

सारांश

ऑपरेटर मूल्यांवर क्रिया घडवतो. अंकगणिती ऑपरेटर हिशेब करतात, तुलनात्मक ऑपरेटर सत्यासत्य ठरवतात आणि तार्किक ऑपरेटर अटी जोडतात. तोच ऑपरेटर संख्येवर आणि मजकुरावर वेगळे कार्य करू शकतो. संगणक आपला हेतू ओळखत नाही. तो लिहिलेले पाळतो. म्हणून नियम आज्ञेत उतरवल्यावर सीमेवरची मूल्ये घेऊन तो पडताळून पाहावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ३६५ दिवसांत पूर्ण आठवडे किती आणि उरलेले दिवस किती, हे काढणाऱ्या दोन पदावल्या लिहा.
२. "२" * ३ आणि २ * ३ यांची उत्तरे कोणती?
३. ‘६० वर्षे पूर्ण झालेल्यांना सवलत’ हा नियम ‘वय > ६०’ असा लिहिल्यास कोणावर अन्याय होईल?

उत्तरे

१. ३६५ // ७ (५२ आठवडे) आणि ३६५ % ७ (१ दिवस). २. "२२२" आणि ६. ३. वय पूर्ण वर्षांत नोंदवले असल्यास, नुकतीच ६० वर्षे पूर्ण झालेल्यांना ६१ वर्षे पूर्ण होईपर्यंत सवलत नाकारली जाईल; योग्य अट ‘वय >= ६०’.