टॅब दाबल्यावर मध्येच ती \ का येते?

फोनवर टर्मक्स टाकून बॅश शिकताय, त्यांच्यासाठी आजचा भाग. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबला की बाकीचं नाव बॅश भरतं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण नावात स्पेस असली की तिच्या आधी एक \ येते. ती कशाला?

कारण शेलसाठी स्पेस म्हणजे एक शब्द संपला, दुसरा सुरू. समजा 'गोवा' आणि 'गोवा फोटो' अशी दोन फोल्डर आहेत आणि दुसरं उडवायचंय. तुम्ही हाताने लिहिलंत:

आरएम -आर गोवा फोटो

(खरी कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांत.) आरएमला मिळाली दोन नावं. 'फोटो' सापडत नाही म्हणून ती कुरकुर करेल, पण 'गोवा' अख्खं गेलेलं असेल. आणि इथे रिसायकल बिन नाही बरं का! \ शेलला सांगते, पुढचं कॅरेक्टर जसंच्या तसं घे. कंस, डॉलर, & यांच्याही आधी टॅब ती लावतो. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या फोटोंची नावं आठवा, स्पेसच स्पेस.

मग टॅब वापरला की सुटलो? नाही ना. आपल्या उदाहरणात टॅब 'गोवा'वर येऊन थांबतो, कारण दोन्ही नावं तिथपर्यंत सारखीच. लोक सवयीने साधी स्पेस देतात, पुन्हा टॅब दाबतात, आणि बॅश नवीन शब्द शोधायला लागतं. इथेच घोळ. तिथे आधी \ आणि मग स्पेस द्यायची. मला त्यापेक्षा सोपं वाटतं ते म्हणजे सुरुवातीलाच ' टाकणं. मग आत स्पेस बिनधास्त द्या, टॅब दाबा. फाइल असेल तर शेवटचं ' बॅशच लावतं. फोल्डर असेल तर / लावून थांबतं, ' तुम्ही बंद करायचं.

एका ठिकाणी मात्र \ आणि ' दोन्ही निकामी. नाव डॅशने सुरू होत असेल तर शेल ते नीट पोचवतं, पण आरएमच त्याला ऑप्शन समजते. तिथे नावाआधी ./ लिहा आणि मग टॅब.