हळहळ आणि चीड : जुन्या वळणाच्या भुयारी व्हिडिओ गेममधील खेळाडूचे वैफल्य

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हे करमणुकीचे साधन आहे, ही समजूत सर्वसाधारण आहे. परंतु या माध्यमाची एक शाखा अशी आहे की, जिच्यात खेळाडू आपला बराचसा वेळ वाट चुकण्यात, हरण्यात आणि मेलेल्या साथीदारांना परत आणण्यात घालवतो. इंग्रजीत तिला ‘डन्जन क्रॉलर’ म्हणतात. मराठीत तिला ‘भुयारी खेळ’ म्हणता येईल. चार-सहा काल्पनिक वीरांचे पथक उभे करावे, ते अंधाऱ्या भुयारात उतरवावे, एकेक चौकोन पुढे सरकत राक्षसांशी लढावे, धन आणि अनुभव मिळवून जिवंत वर यावे आणि पुन्हा थोडे अधिक खोल उतरावे, असा या खेळाचा साचा आहे. १९८० च्या दशकात तो लोकप्रिय झाला, पुढे मागे पडला आणि २००७ नंतर ‘रेट्रो’ या नावाखाली त्याचे जाणीवपूर्वक पुनरुज्जीवन झाले. या पुनरुज्जीवित खेळांचे चाहते पुष्कळ आहेत. तसेच ते अर्ध्यावर टाकून देणारेही पुष्कळ आहेत.

खेळ टाकून देणाऱ्यास ‘त्याला अवघड खेळ झेपत नाही’ असे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. प्रस्तुत लेखात मात्र या वैफल्याचे स्वरूपच तपासले आहे. नुकसानीनंतरच्या भावनेसाठी मराठीत दोन निराळे शब्द आहेत. आपल्याच चुकीने हातचे निसटले की हळहळ वाटते. आपला दोष नसताना कोणी तोंडचा घास काढला की चीड येते. भुयारी खेळाचा सारा आनंद पहिल्या भावनेच्या आसपास उभा असतो. रेट्रो खेळांविषयीची तक्रार बहुतांशी दुसऱ्या भावनेची आहे. हा फरक कसा निर्माण होतो, हे पाहण्यासाठी मूळ खेळापासून आरंभ करणे आवश्यक आहे.

‘विझर्ड्री’ : काठिण्याचा मूळ नमुना

अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी रचलेला ‘विझर्ड्री : प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड’ हा खेळ सर-टेक या कंपनीने १९८१ मध्ये अ‍ॅपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध केला. (त्यातील दुष्ट मांत्रिक वर्ड्ना आणि वेडा राजा ट्रेबोर ही नावे म्हणजे दोघा कर्त्यांची स्वतःची नावे उलटी लिहून केलेली थट्टा होय.) सहा जणांचे पथक, दहा मजली भुयार आणि प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा, एवढाच त्याचा पसारा. पडद्याच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या रेषांनी काढलेली भिंत दिसे. बाकीचा पडदा अक्षरांनी व्यापलेला असे. खेळात नकाशा नव्हता. तो खेळाडूने शेजारी आलेख-कागद ठेवून स्वतः काढायचा, ही अपेक्षा होती.

हा नकाशा बिघडावा यासाठी रचनाकारांनी सापळे पेरले होते. काही चौकोनांवर पाय ठेवताच पथकाचे तोंड न कळत दुसऱ्या दिशेला वळे. काही चौकोन पथकाला गुपचूप दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडत. काही भागांत अंधार इतका दाट की भिंतसुद्धा दिसत नसे. खेळाडूला आपण कोठे आहोत याचा संशय आला की ‘डुमापिक’ हा मंत्र टंकित करून भुयारातील स्थान विचारावे लागे आणि मंत्रांची नावे छापील पुस्तिकेत पाहावी लागत.

मरणाची व्यवस्था याहून कठोर होती. पथकातील कोणी मेला तर त्याला गावातील मंदिरात नेऊन पैसे भरून जिवंत करता येई. पण हा विधी फसू शकत असे. एकदा फसला तर मृताची राख होई. राखेवरचा विधीही फसला तर ते पात्र कायमचे नाहीसे होई. संपूर्ण पथक गारद झाले तर प्रेते भुयारात जागच्या जागी राहत आणि ती वर आणण्यासाठी नवखे दुसरे पथक तयार करून त्याच धोक्यात पाठवावे लागे. हे सारे फ्लॉपीवर नोंदले जाई, म्हणून मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करण्याची सोय नव्हती. मरणाचा क्षण दिसताच संगणक बंद करायचा किंवा फ्लॉपी ओढून काढायची, ही युक्ती त्या काळच्या खेळाडूंमध्ये सर्वज्ञात होती. या युक्तीकडे केवळ लबाडी म्हणून पाहू नये. नियम अन्यायाचा वाटला की माणूस नियमाबाहेरची वाट शोधतो. फ्लॉपी ओढणारा हात हा चिडीचा पहिला पुरावा आहे.

तरीही त्या काळच्या खेळाडूंनी हा खेळ उचलून धरला, त्याचे कारण पडद्याबाहेर शोधावे लागते. कागदावरचा नकाशा हा खेळाडूच्या हातचा होता; पथक मेले तरी तो कागद मरत नसे. पुढच्या पथकाला वळण कोठे, खड्डा कोठे हे आधीच माहीत असे. म्हणजे पात्रांचे नुकसान होई, पण खेळाडूचे ज्ञान शिल्लक राही. जाड पुस्तिका, मित्राने सांगितलेली खूण आणि पुढचा खेळ घेईपर्यंत हातात असलेले कितीतरी महिने, हे सारे त्या काठिण्याचे टेकू होते.

यदृच्छेचा प्रश्न

भुयारी खेळातील चिडीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अकस्मात चकमकी. पथक पाऊल टाकते, संगणक मनातल्या मनात फासा टाकतो आणि समोर राक्षस उभे राहतात. समजा, एका पावलाला चकमकीची शक्यता दहात एक आहे. ऐकताना ती मामुली वाटते. परंतु वीस पावलांचा एक मजला चकमकीशिवाय ओलांडण्याची शक्यता यावरून जेमतेम १२ टक्के निघते. जखमी पथक घेऊन जिन्याकडे परतणाऱ्या खेळाडूला ‘आता तरी जाऊ दे’ असे वाटत असते, तेव्हा गणित त्याच्या विरुद्ध असते आणि ते त्याला दिसत नाही. न दिसणारे गणित माणसाला दैवासारखे नव्हे, तर कपटासारखे भासते.

येथे संख्येचाही अतिरेक होऊ शकतो. इंटरप्लेच्या ‘द बार्ड्स टेल’ (१९८५) या खेळातील एका प्रसंगी नव्व्याण्णव बेभान योद्ध्यांचे चार गट, म्हणजे एकूण ३९६ शत्रू, एकदम समोर येतात. गंमत अशी की, खेळाडूंनी याच प्रसंगाचा उपयोग अनुभवाचे गुण भराभर मिळवण्यासाठी वारंवार करून घेतला. चकमक ठरावीक जागी आणि माहितीची असेल तर तिचा आकडा कितीही मोठा असो, खेळाडू तिच्याशी हिशेब मांडू शकतो. हिशेब मांडता येणे ही या खेळातील न्यायाची पहिली अट आहे, असे यावरून म्हणता येईल.

डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ (२०१३) या पुस्तकात एक विरोधाभास मांडला आहे. माणूस अपयश टाळतो. तरीही जेथे अपयश निश्चित येणार असे खेळ तो आपणहून निवडतो. या प्रश्नाची तुलना ते शोकात्मिकेच्या आस्वादाशी करतात. करुण रसातून आनंद कसा मिळतो, या मराठी समीक्षेत पुनःपुन्हा चर्चिल्या गेलेल्या प्रश्नाची वाचकांस येथे आठवण व्हावी. मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. प्रेक्षागृहात बसलेल्या रसिकाला नायकाच्या ऱ्हासाची जबाबदारी घ्यावी लागत नाही. खेळाडूला ती घ्यावी लागते. म्हणूनच ती जबाबदारी खरी असली तर हळहळ वाटते आणि त्याच्यावर लादलेली असली तर संताप होतो.

पुनरुज्जीवन आणि हरवलेले टेकू

‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ (२०१२) हा फिनलंडमधील ऑलमोस्ट ह्यूमन या छोट्या संघाचा खेळ पुनरुज्जीवनाचे ठळक उदाहरण आहे. त्याचा आदर्श ‘विझर्ड्री’ नव्हे, तर ‘डन्जन मास्टर’ (१९८७) हा वास्तव वेळेत चालणारा खेळ होता. चार कैदी, चौकोनी पावले, मशाली, भूक, भिंतीतल्या गुप्त कळा हे सर्व त्यात आहे. जुन्या खेळाप्रमाणे नकाशाविना खेळू इच्छिणाऱ्यास स्वयंचलित नकाशा बंद ठेवण्याचा स्वतंत्र पर्यायही दिला आहे.

या खेळाविषयीच्या दोन तक्रारी उद्बोधक आहेत. पहिली गुप्त कळांची. जुन्या खेळांत भिंतीची चित्रे मोजकीच असत. वेगळा दगड चटकन डोळ्यांत भरे. ‘ग्रिमरॉक’मधील भिंती भेगा, शेवाळ आणि सावल्या यांनी सुंदर नटलेल्या आहेत आणि त्या सौंदर्यात बोटाएवढी कळ हरवून जाते. कोडे तेच राहिले, पण चित्राची प्रत सुधारली म्हणून ते अन्यायकारक झाले. दुसरी तक्रार लढाईची. शत्रूभोवती चौकोनात फेर धरत एकेक घाव घालणे हा जिंकण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो. तो साधणारा खेळाडू कंटाळतो आणि न साधणारा उगाच मरतो. कौशल्य पात्रांचे की बोटांचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. पात्रांवर गुण खर्च करून घडवलेले पथक बोटांच्या चपळाईअभावी मरते, तेव्हा खेळाडूला आपण नेमके कशात कमी पडलो हेच समजत नाही.

भारतीय खेळाडूच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १९८० च्या दशकात मराठी घरांत वैयक्तिक संगणक अपवादानेच असे. आज तिशीत असलेल्या येथील खेळाडूला ‘रेट्रो’ हा शब्द स्वतःचे बालपण म्हणून नव्हे, तर दुसऱ्याचे बालपण म्हणून भेटतो. २००८ मध्ये पोलंडमधून सुरू झालेल्या जीओजीसारख्या विक्रीस्थळांनी ‘माइट अँड मॅजिक’सारखे जुने खेळ पुन्हा उपलब्ध केले, त्यांच्या पुस्तिकाही फाईलच्या रूपाने सोबत दिल्या. पण मांडीवरची पुस्तिका आणि न उघडलेली फाईल यांत फरक आहे. आठवणीचा ओलावा नसलेला खेळाडू त्या काठिण्याकडे कोरडेपणाने पाहतो. जाणकार चाहते त्याला अधीर म्हणतात. वास्तविक तोच या रचनेचा अधिक निःपक्षपाती परीक्षक असतो.

दोन उत्तरे

या वैफल्यावरील दोन उपाय विशेष विचारार्ह आहेत. डिजिटल एक्लिप्स या कंपनीने मूळ ‘विझर्ड्री’चे नवे रूप २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केले. (ग्रीनबर्ग यांचे निधन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाले.) या आवृत्तीत नवी त्रिमितीय चित्रे आहेत, परंतु पडद्याच्या एका कोपऱ्यात १९८१ चा अ‍ॅपल टूवरील खेळ तसाच चालताना दिसतो. जुने नियम ठेवावेत की सौम्य करावेत हे खेळाडूने एकेक करून ठरवायचे. प्राचीन ग्रंथाची सटीप आवृत्ती काढताना संपादक मूळ पाठ वर ठेवतो आणि टीपा खाली देतो, त्या पद्धतीशी हे काम मिळतेजुळते आहे. जतनाच्या दृष्टीने ते आदर्शवत आहे. मात्र खेळ म्हणून त्यात एक अडचण राहते. प्रत्येक कठोर नियमाजवळ तो बंद करण्याची कळ असेल तर पथक मेल्यावर खेळाडू स्वतःच्या डावपेचांचा नव्हे, तर त्या कळेचा विचार करू लागतो. आपण ती का दाबली नाही, ही हळहळ खेळातली नसून खेळाबाहेरची आहे.

जपानमध्ये हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला. ‘विझर्ड्री’ची परंपरा अमेरिकेत मंदावल्यावरही तेथे जिवंत राहिली आणि तिच्यातूनच अ‍ॅटलस कंपनीचा ‘एट्रियन ओडिसी’ (२००७) हा निन्टेन्डो डीएसवरील खेळ आला. या यंत्राला दोन पडदे होते. वरच्या पडद्यावर भुयार दिसे. खालच्या पडद्यावर खेळाडूने लेखणीने स्वतः नकाशा काढायचा. आलेख-कागद यंत्रातच आला. मोठे राक्षस नकाशावर आधीच दिसतात आणि खेळाडू पाऊल टाकतो तेव्हाच तेही सरकतात. म्हणून निदान त्यांच्यापुरता तरी फासा उघड्यावर येतो. पथक पूर्ण मेले तर खेळ संपतो, मिळवलेला अनुभव जातो. पण संपण्यापूर्वी ‘काढलेला नकाशा जपून ठेवायचा का’ असे खेळ विचारतो. तासाभराची मोहीम गेली, कागद मात्र राहिला. १९८१ च्या खेळाडूच्या टेबलावर जे आपोआप घडत होते, ते येथे नियम म्हणून लिहिले गेले. खेळाचे काठिण्य जवळजवळ तेवढेच ठेवूनही चिडीचे रूपांतर हळहळीत करण्याचे काम या एका प्रश्नाने साधले आहे.

अर्थात ‘एट्रियन ओडिसी’नेही एक जुने दुखणे तसेच ठेवले. पथकात कोणते व्यवसाय घ्यावेत आणि कौशल्याचे गुण कशावर खर्च करावेत, हे खेळाडूला आरंभीच, काहीही अनुभव नसताना, ठरवावे लागते. चूक कळते ती कित्येक तासांनी, एखाद्या बलाढ्य शत्रूसमोर. गुण परत घेता येतात, पण त्यासाठी पात्राच्या काही पातळ्या सोडून द्याव्या लागतात आणि त्या भरून काढण्यासाठी पुन्हा वरच्या मजल्यांवर तेच ते राक्षस मारत बसावे लागते. २०२३ मधील नव्या आवृत्तीत ‘पिकनिक’ नावाची सौम्य श्रेणी दिली गेली, त्यामुळे हा भार हलका झाला. परंतु मूळ श्रेणीत खेळणाऱ्याला, माहिती नसताना घेतलेल्या निर्णयाची किंमत आजही तासांच्याच हिशेबात मोजावी लागते.