करप्याचं औषध कधी मारायचं? वार नव्हे, पानावरचं पाणी बघा

बेळगाव तालुक्यात पावसाळी बटाटा आणि टोमॅटो करणाऱ्या अनेकांचा हिशेब ठरलेला असतो : दर आठवड्याला एक फवारणी. आठवडा कोरडा गेला तर औषध आणि मजुरी वाया जाते. झड लागली की तीच फवारणी अपुरी पडते. मग तीन-चार दिवसांत पानं काळी पडतात आणि दोष दुकानदाराच्या औषधाला.

उशिरा येणाऱ्या करप्याला लागतं थंड, ढगाळ हवामान आणि पानावर टिकून राहिलेलं पाणी. पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं, हे महत्त्वाचं. दहा मिनिटांची मोठी सर येऊन ऊन पडलं तर धोका कमी. रात्रभर भुरभुर आणि सकाळी उशिरापर्यंत मळभ असेल, तर बीजाणू पानात शिरायला भरपूर वेळ मिळतो. शिरल्यानंतर डाग दिसायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे आज दिसणारा डाग गेल्या आठवड्यातल्या ओल्या रात्रीचा असतो. डाग बघून पंप उचलणारा तेवढे दिवस मागे असतो.

इंग्लंडमध्ये बटाट्यासाठी १९५६ मध्ये मांडलेला एक नियम वापरात होता : सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त आणि दोन्ही दिवशी निदान ११ तास हवेत ९० टक्के आर्द्रता असली, की धोक्याचा इशारा. पुढे २०१७ मध्ये ११ तासांचे ६ तास करण्यात आले. आपल्याकडे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनेही तापमान आणि आर्द्रतेवरून करप्याचा अंदाज देणारी पद्धत तयार केली आहे. पण इंग्लंडचा नियम जसाच्या तसा इथे लावला, तर जुलै-ऑगस्टच्या झडीत रोजच इशारा वाजेल. त्यामुळे आपल्याकडे खरा प्रश्न धोका आहे का हा नसतो. पुढची उघडीप कधी, हा असतो.

मॅन्कोझेबसारखं औषध पानावर थर देऊन राखण करतं. आत शिरलेला रोग ते काढत नाही. म्हणून ते झडीच्या आधी, कोरड्या पानावर पडायला हवं आणि वाळायला निदान दोन तास मिळायला हवेत. पहाटेच्या दवावर मारलेलं औषध ओघळून जातं. मोठ्या पावसाने थर धुपतो, आणि फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानावर तर काहीच नसतं. जोराची वाढ असलेल्या प्लॉटला म्हणूनच लवकर परत यावं लागतं.

ओल्या रात्री होऊन गेल्या असतील तर सायमोक्सॅनिलसारखं पानात शिरणारं औषध, तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. मेटॅलॅक्सिल एकटंच पुन्हा पुन्हा मारू नये, बुरशी त्याला दाद देईनाशी होते. प्रमाण आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे लेबलावर असतं.

भुरीचं गणित उलटं. तिला पानावर पाणी लागत नाही, कोरड्या उघडीपीतच ती वाढते. तेव्हा काकडीला करप्याचा हिशेब लावू नये.

हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतो. बेळगावचा सल्ला कन्नडमध्ये असतो. वाचायला अडचण असेल त्यांनी कोल्हापूर जिल्ह्याचा मराठी सल्ला उघडावा, चंदगडच्या पावसाला सीमा ठाऊक नाही. मात्र पावसाचे आकडे बेळगावचेच घ्यावेत आणि त्यात आधी पुढच्या दोन दिवसांचा पाऊस बघावा.