मुळशी तालुक्यातील लोकसंख्येची घनता : एक टिपण

दर चौरस किलोमीटर क्षेत्रात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या म्हणजे लोकसंख्येची घनता होय. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची घनता ६०३ होती. ही सरासरी मुळशी तालुक्याविषयी फारसे काही सांगत नाही. पूर्वेस हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे वस्ती दाटली. पश्चिमेस ताम्हिणीकडे ती विरळ आहे. या विरळपणाचे कारण म्हणून केवळ डोंगर व अतिवृष्टी यांकडे बोट दाखविले जाते, ते अपुरे वाटते. टाटांच्या धरणाखाली मुळा खोऱ्यातील भातखाचरे व गावे बुडाली. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह धरण थांबवू शकला नाही. शेतकरी विस्थापित झाले. त्या पाण्यावर भिरा येथे निर्माण होणारी वीज दाट वस्तीच्या मुंबईस मिळाली.